वैडूर्य : एका रत्ननामाचा अर्थप्रवास

नवरत्नांच्या परंपरेत प्रत्येक रत्नाला एक ग्रह नेमून दिलेला आढळतो. ही मांडणी स्थिर वाटत असली, तरी रत्ननामांचे अर्थ मात्र स्थिर राहिलेले नाहीत. ‘वैडूर्य’ (वैदूर्य) हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पाणिनीने हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामावरून साधला (अष्टाध्यायी ४.३.८४). त्यावरील चर्चेत पतंजलीने शंका उपस्थित केली : रत्न निघते वालवाय पर्वतात, विदूरात त्यावर केवळ संस्कार होतात. शब्दाचे मूळ द्राविड असावे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. तमिळनाडूतील कोडुमणल येथील उत्खननात बेरिलचे खडे घडविल्याच्या खुणा मिळाल्या आहेत, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

प्राकृतातील ‘वेळुरिय’ पश्चिमेकडे जाऊन ग्रीक ‘बेरिल्लॉस’ व लॅटिन ‘बेरिल्लुस’ झाला. इ. स. पहिल्या शतकात प्लिनीने हे रत्न भारताबाहेर क्वचितच सापडते असे नोंदविले आणि सागराच्या हिरव्या छटेचा खडा श्रेष्ठ मानला. चष्म्यासाठीचा जर्मन शब्द ‘ब्रिले’ याच कुळातला. पूर्वेकडे चिनी भाषेत याच शब्दापासून ‘लिउली’ आला व रंगीत काच, झिलई असा त्याचा अर्थविस्तार झाला.

अर्थाचा खरा पेच अनुवादात उभा राहतो. भैषज्यगुरू बुद्धाच्या नावातील ‘वैडूर्यप्रभ’ या पदासाठी इंग्रजी अनुवादांत अनेकदा लाजवर्दाचा वाचक शब्द येतो. परंतु त्या सूत्रातील दुसऱ्या प्रणिधानात वैडूर्यासारखा अंतर्बाह्य निर्मळ देह अभिप्रेत आहे. लाजवर्द तर अपारदर्शक. रंग राखला जातो, आरोग्याला निर्मळतेशी जोडणारे प्रतीक मात्र हरवते.

मराठीतही असाच पेच आहे. नवरत्नांत केतूचे रत्न असलेल्या वैडूर्याला आपण ‘लसण्या’ म्हणतो. डोळ्यातील बुबुळासारखी सरकती रेघ हे त्याचे लक्षण. ‘मेघदूता’तील अलकेच्या वर्णनात मात्र सुवर्णकमळांचे देठ स्निग्ध वैडूर्याचे आहेत. तेथे लसण्या योजला, तर देठाची हिरवी स्निग्धता जाऊन मार्जारनेत्राची चमक उरते आणि प्रतिमा विस्कटते.

तात्पर्य, रत्ननाम हे केवळ खनिजाचे नाव नसते. व्यापार, कारागिरी, धर्म आणि काव्य यांनी त्यावर अर्थाचे थर चढविलेले असतात. कोणत्या काळाचे वैडूर्य आपल्यासमोर आहे, हा प्रश्न कोश उघडण्यापूर्वीच तौलनिक अभ्यासकाने विचारावयास हवा.