कॉफीलाही गाव असतं

सोलापूरकर ज्वारी घेताना गाव विचारतो. मंगळवेढ्याची मालदांडी आहे का, हे विचारायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते फार नंतर. कॉफी घेताना मात्र हाच चोखंदळ माणूस समोर येईल ते पाकीट उचलतो.

खरं तर कॉफीचा मुलूख आपल्याला परका नाही. सोलापूरहून सुटणारी हासन एक्सप्रेस थेट कॉफीच्या जिल्ह्यात जाऊन थांबते. हासन, चिकमगळूर आणि कोडगू या तीन जिल्ह्यांच्या जोरावर देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते.

मग गाव विचारण्याची सवय का लागली नाही? कारण विचारून उपयोगच नव्हता. १९४२च्या कॉफी कायद्यानंतर बागायतदारांना आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावं लागे. तिथे प्रतवारी होऊन लिलाव व्हायचा आणि कोणत्या मळ्याचा माल कुठे गेला, याचा माग उरत नसे. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि बागायतदार स्वतःच्या नावाने कॉफी विकू लागला. आज ‘सिंगल ओरिजिन’ म्हणून जी एका मुळाची कॉफी मिळते, तिची वाट तिथे मोकळी झाली.

२०१९मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व अराकू खोऱ्याची अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण नवख्याने एवढ्यावर भुलू नये. पाकिटावरचं ‘चिकमगळूर’ म्हणजे एक मळाही असू शकतो आणि जिल्हाभरातून गोळा केलेला मालही. म्हणून मळ्याचं नाव, झाडाचा वाण, दाण्यावरची प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख, या चार गोष्टी शोधाव्यात. ‘प्लँटेशन ए’ किंवा ‘डबल ए’ ही प्रत मुख्यतः दाण्याचा आकार सांगते. त्यावरून चव ठरत नाही. चिकोरी मिसळली असेल तर तिचं प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, तेही वाचावं.

चवीवर प्रक्रियेचा प्रभाव मोठा. ‘वॉश्ड’ कॉफीत फळाची साल काढतात, दाण्याला चिकटलेला गर आंबवून धुतात आणि मग दाणे वाळवतात. चव स्वच्छ, किंचित आंबूस येते. ‘नॅचरल’ म्हणजे अख्खं फळच उन्हात वाळवलेलं. तिला गोडसर, पिकल्या फळाचा वास असतो. ‘मॉन्सून्ड मलबार’ची तऱ्हा निराळी. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दाण्यांना दमट वारं लागू देतात; ते फुगतात, पिवळट होतात आणि त्यांचा आंबटपणा जातो.

दूध घालून पिणाऱ्याने सुरुवात या मॉन्सून्ड मलबारने करावी. दुधात ती हरवत नाही. कोरी प्यायची असेल तर मध्यम भाजलेली वॉश्ड अरेबिका घ्यावी. ‘एस ७९५’ हा बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राचा जुना, भरवशाचा वाण सहज सापडतो. रोबस्टा कडवट आणि जोरकस. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. पुढच्या खेपेला मळा तोच ठेवून फक्त प्रक्रिया बदलावी. दोन्ही कप शेजारी ठेवून प्यायलं की मातीचं काय आणि वाळवणीचं काय, ते जिभेलाच उमगू लागतं.

घेताना शंभर-दोनशे ग्रॅमच घ्यावी, तीही भाजून महिन्याच्या आतली. दळलेली कॉफी लवकर उतरते, म्हणून शक्यतो दाणे आणून हाताच्या चक्कीत लागतील तेवढेच दळावेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डबा हवाबंद असावा आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. बोअरच्या जड पाण्यात अरेबिकाचा नाजूक आंबटपणा दबतो, तेव्हा गाळलेलं मऊ पाणी वापरावं. १५ ग्रॅम कॉफीला साधारण २४० मिलिलिटर पाणी, हे प्रमाण सुरुवातीला पुरे.

आणखी एक हिशेब ध्यानात असू द्या. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. म्हणजे या दिवाळीत मिळणारे दाणे कालच भाजलेले असले, तरी बहुधा मागच्या हंगामाचेच असणार. दुकानदाराला भाजल्याच्या तारखेबरोबर हंगामही विचारा. त्याला उत्तर देता आलं, तर दुकान बदलायची गरज नाही.