घरच्या चित्रपटासाठीं रिसीव्हर
घरीं चित्रपट पाहतांना ध्वनि चोहोंकडून यावा, यासाठीं अनेक स्पीकर मांडतात. त्या सर्वांस शक्ति पुरविणारें यंत्र तें रिसीव्हर. खोक्यावरील वॅटचा मोठा आंकडा पाहून पुष्कळ पालक भुलतात. तो आंकडा बहुधा एक-दोनच स्पीकर चालवून काढलेला असतो. शिवाय शक्ति दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. कानास हा फरक थोडकाच जाणवतो. तेव्हां १०० ऐवजीं २०० वॅटांसाठीं जादा पैसे मोजणें आम्हांस उधळेपणा वाटतो. स्पीकरचा रोध मात्र अवश्य पाहावा. ८ ओहमसाठीं केलेल्या यंत्रास ४ ओहमचे स्पीकर जोडल्यास तें तापून बंद पडण्याचा संभव असतो. लहान दिवाणखान्यांत पांच स्पीकर व एक खर्जाचा, एवढे पुरे. सातांस कोचामागें जागा लागते, आणि आमच्या घरांतील कोच बहुधा भिंतीलाच टेकलेला असतो!