जुना ईसीजी जपून ठेवा!

एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे आले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. गावातल्या शिबिरात त्यांचा ईसीजी काढला आणि कुणीतरी सांगून टाकलं, 'तुम्हाला अ‍ॅटॅक आलाय.' 'येऊन गेलाय' आणि 'आलाय' यात जमीन-अस्मानाचा फरक! त्यांनी धसका घेतला. फिरणं बंद, शेतावर जाणं बंद, रात्री मुलगा उशाशी बसलेला.

मित्रहो, ईसीजी नेमकं काय सांगतो? हृदय हा स्नायूंचा पंप आहे. प्रत्येक ठोक्याआधी त्यातून विजेची सूक्ष्म लहर जाते. ईसीजी हा त्या विजेचा आलेख. हे यंत्र विकसित करणाऱ्या विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाला १९२४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

झटक्यात रक्तपुरवठा तुटून स्नायूचा काही भाग मरतो. मोठ्या झटक्यात आलेखातला 'एसटी' हा भाग वर उचलला जातो. काही तासांत 'क्यू' नावाची खोल लाट उमटू लागते, नंतर 'टी' लाट उलटी होते. पुढे एसटी खाली येतो, टी पुष्कळदा सरळ होते. क्यू मात्र बहुतेकांत कायम राहते. लहानपणी गुडघा फुटल्याचा व्रण राहतो, तसाच हा हृदयावरचा व्रण. व्रण दिसला म्हणजे जखम ताजी आहे असं नव्हे.

क्यू लाटा जितक्या जास्त ठिकाणी, तितका व्रण साधारणपणे मोठा. एसटी कित्येक आठवड्यांनंतरही वरच राहिला, तर हृदयाच्या भिंतीला फुगवटा आल्याची शंका येते. ठोक्याची मुख्य लाट ०.१२ सेकंदापेक्षा रुंद झाली, तर वीज पसरायला उशीर होतोय असं समजावं.

पण हे झाले अंदाज. विहिरीवरच्या मोटारीचं वायरिंग तपासून पाणी किती पडतं ते कळत नाही. त्यासाठी पाइपाच्या तोंडाशी जावं लागतं. हृदयाच्या बाबतीत ते काम टू-डी इको करतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं जातं, ते त्यात दिसतं. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ ते ७० असतो.

आमच्या चालककाकांच्या मुलाने घरून जुना ईसीजी आणला. कागद फिकट झाला होता, पण वाचता आला. दोन्ही आलेख शेजारी ठेवले. त्याच जागी त्याच लाटा, नवीन काही नाही. इकोत आकडा ५० आला. दुसऱ्या दिवसापासून काका पुन्हा फिरायला लागले.

म्हणून सांगतो, ईसीजीच्या कागदावरची रेघ उन्हाने, उष्णतेने पुसट होते. त्याची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, तारीख लिहा आणि तपासणीला जाताना सोबत न्या.

मात्र छातीत नव्याने दुखू लागलं, दम लागला, घाम फुटला, तर कागद शोधत बसू नका. तडक रुग्णालय गाठा किंवा १०८ क्रमांक फिरवा. सुरुवातीचा ईसीजी नॉर्मल आला तरी 'काही नाही' म्हणून घरी परतू नका. तो पुन्हा काढावा लागतो. जुना कागद नंतरही आणता येईल, गेलेली वेळ नाही.