आवाज कुठे अडलाय?

दोन वर्षं ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे, लॅमिंग्टन रोडच्या चार फेऱ्या, रात्री जागून बघितलेले असंख्य व्हिडिओ आणि 'त्यापेक्षा सरळ लॅपटॉप घे' हे बाबांचं पालुपद. एवढं सगळं पार करून एका शुक्रवारी संध्याकाळी मी माझा पीसी स्वतः असेंबल केला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीनवर चित्र आलं. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, 'एखादं गाणं लाव की.'

लावलं. गाणं सुरू झालं, खालची रेघ पुढे सरकायला लागली, आवाज मात्र शून्य.

बाबा काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

त्यात सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या ग्रुपची रेडिओ नाटिका कॉलेजात सबमिट करायची होती. रेकॉर्डिंग झालेलं, एडिटिंग माझ्याकडे. नाटिका म्हणजे सगळा खेळ आवाजाचाच. आणि माझा पीसी मुका.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. सगळं एकदम! रीस्टार्ट केला, ड्रायव्हर काढून परत टाकला, मागच्या वायरी उपटून दुसरीकडे खोचल्या, सेटिंग्जमध्ये दिसेल ते बटण चालू-बंद केलं. तासाभराने परिस्थिती अशी की मुळात काय बिघडलं होतं आणि मी काय बिघडवलं, हेच कळेना. ग्रुपवर टाकलं तर एकाचा निकाल तयार होता, 'मदरबोर्ड गेला. साउंड कार्ड घे.' दुसरी म्हणाली, 'विंडोज परत टाक.'

काका आणि लोकल

शनिवारी सकाळी तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. एकेकाळी ते रेडिओ, टेपरेकॉर्डर, गणपतीतले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना फार कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, 'आवाज कुठपर्यंत येतोय?'

'येतच नाहीये ना काका!'

'अगं, तसं नाही. डोंबिवलीहून सुटलेली लोकल दादरला आली नाही, तर तू दादरला उभी राहून रूळ उखडशील का? ठाण्याला पोचली होती का, कुर्ल्याला होती का, ते आधी बघशील. आवाजाचीही स्टेशनं असतात. ती मोज. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.'

घरी येऊन वहीत स्टेशनं लिहिली. गाणं वाजवणारं अ‍ॅप. मग विंडोज. मग ड्रायव्हर. मग मदरबोर्डवरची ऑडिओ चिप. तिथून जॅक, वायर आणि शेवटी इअरफोन किंवा स्पीकर. ऑडिओ चिप तुम्हालाही सापडेल. पुष्कळ मदरबोर्डवर ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते आणि तिच्यावर चक्क खेकड्याचं चित्र असतं.

पहिलं शेवटचं स्टेशन

सगळ्यात सोपी तपासणी आधी. तोच इअरफोन मोबाइलला लावला. खणखणीत! म्हणजे इअरफोन ठीक. स्पीकर वापरत असाल तर त्याचा स्वतःचा स्विच आणि व्हॉल्युमचं बटण बघा. हसू नका, यात भलेभले अडकलेत.

मग मधलं स्टेशन. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं गेलं की खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' दिसतं. ते उघडल्यावर प्लेबॅकच्या यादीत प्रत्येक डिव्हाइसच्या शेजारी उभी पट्टी असते. गाणं चालू ठेवून ही पट्टी बघायची. हिरवी होऊन वरखाली नाचत असेल तर गाडी विंडोजपर्यंत पोचलीय, अडचण पुढे आहे. पट्टी हललीच नाही तर अडचण अ‍ॅपमध्ये आहे किंवा गाडी दुसऱ्याच फाट्याने गेलीय.

माझ्याकडे पट्टी नाचत होती, पण मॉनिटरच्या नावापुढे! एचडीएमआयच्या वायरमधून चित्रासोबत आवाजही जातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला मॉनिटर जोडला की विंडोजला तो आवाजाचंही एक ठिकाण वाटतो. त्याने इमानदारीत सगळा आवाज तिकडे पाठवला होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं, व्हॉल्युमच्या रेघेशेजारच्या बाणाने यादी उघडली आणि मदरबोर्डचं आउटपुट निवडलं.

आवाज आला! वीस सेकंदांचं काम. मी मदरबोर्ड परत करायला निघाले होते.

संवाद गेले कुठे?

पण आनंद टिकला दहा मिनिटं. नाटिका उघडली तर पावसाचा आवाज, बॅकग्राउंड म्युझिक नीट, आणि संवाद कुठेतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखे. व्हॉल्युम शंभरवर, तरी तेच. मला वाटलं रेकॉर्डिंगच गंडलंय. माइक लांब धरला असणार. मैत्रिणीला दोन शब्द सुनावलेसुद्धा. मग संवादांचा ट्रॅक बारा डेसिबलने वाढवला. बारा डेसिबल म्हणजे सिग्नल जवळपास चौपट. तरी समाधान होईना.

रविवारी रात्री ऐकता ऐकता फोन आला म्हणून सवयीने इअरफोनच्या वायरवरचं बटण दाबलं, आणि बटण दाबलेलं असेपर्यंत संवाद एकदम कानात येऊन आदळले. चौपट मोठे, फाटलेले, कर्कश. बटण सोडलं, परत विहीर.

रात्री साडेनऊला काकांचं दार वाजवलं. त्यांनी इअरफोनची पिन हातात घेतली आणि म्हणाले, 'रेघा मोज.'

तुम्हीही मोजा. पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर तिचे तीन भाग असतात. डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड. मोबाइलच्या माइकवाल्या इअरफोनवर तीन रेघा असतात, म्हणजे चार भाग, कारण चौथा माइकचा. पीसीच्या कॅबिनेटवर बरेचदा हेडफोन आणि माइकसाठी दोन वेगळी छिद्रं असतात आणि त्यातलं हेडफोनचं छिद्र तीन भागांच्या पिनेसाठी केलेलं असतं. चार भागांची पिन त्यात बहुतेक वेळा चालून जाते. पण काही जॅकमध्ये ग्राउंडचा पत्रा नेमका माइकच्या भागाला टेकतो आणि ग्राउंड तुटतो.

ग्राउंड म्हणजे करंटची परतीची वाट. ती बंद झाली की डावा आणि उजवा सिग्नल एकमेकांतूनच वाट काढतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त दोघांमधला फरक. संवाद किंवा गायकाचा आवाज साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. म्हणून संवाद गायब, आणि डावीउजवीकडे पसरलेला पाऊस शाबूत. बटण दाबलं की माइकची तार ग्राउंडला जोडली जाते, तुटलेली वाट पूर्ण होते आणि आवाज परततो. साधी पिन अर्धवट खोचली तरी हाच प्रकार होऊ शकतो.

पिन किंचित बाहेर ओढली, संवाद आले. कायमचा उपाय म्हणजे माइक आणि हेडफोन वेगळे करणारा छोटा स्प्लिटर. पण खरा धक्का वेगळाच होता. रेकॉर्डिंग सुरुवातीपासून उत्तम होतं. मीच ते 'दुरुस्त' करून फाडून ठेवलं होतं. तशी फाइल गेली असती तर बाकी सगळ्यांना नाटिकेत नुसता आरडाओरडा ऐकू आला असता.

तुमची गाडी दुसरीकडे अडली असेल तर

आवाज येतोय, पण बारीक? आधी व्हॉल्युम मिक्सर उघडा. प्रत्येक अ‍ॅपचा आवाज तिथे वेगळा असतो, आणि एखादं अ‍ॅप दहावर असतं. ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की बाकीचे आवाज अचानक खाली जात असतील, तर 'मोअर साउंड सेटिंग्ज'मधला 'कम्युनिकेशन्स' टॅब बघा. कॉल सुरू असताना इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय तिथे आधीपासूनच निवडलेला असतो. 'डू नथिंग' निवडा.

मागच्या जॅकचे रंग पाठ करून टाका. स्पीकर-हेडफोनचा हिरवा, माइकचा गुलाबी, बाहेरून आवाज आत घेण्याचा निळा. 'पीसी ९९' नावाच्या ठरावीक मांडणीतून आलेले हे रंग अजून टिकून आहेत. मात्र हल्ली काही मदरबोर्डवर सगळे जॅक काळे असतात. तिथे शेजारची अक्षरं किंवा मॅन्युअल बघा.

मागे आवाज येतो, पण कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला नाही? हा खास स्वतः असेंबल करणाऱ्यांचा बिघाड. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवर लावायची राहिलेली असते किंवा पूर्ण बसलेली नसते. तिचं ठिकाण बहुतेक वेळा बोर्डाच्या खालच्या कडेला असतं. नऊ पिना, मध्ये एक जागा रिकामी. यूएसबी २ च्या हेडरलाही नऊच पिना असतात, पण त्याची रिकामी जागा कोपऱ्यात असते. त्यामुळे जोर लावून बसवू नका. जुन्या कॅबिनेटच्या वायरीला 'एचडी ऑडिओ' आणि 'एसी ९७' अशी दोन तोंडं असतात. आजच्या बोर्डाला पहिलं लावायचं. कॅबिनेट उघडण्याआधी पीसी बंद करून प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा.

आउटपुटच्या यादीत मदरबोर्डचा ऑडिओच दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण शोधा. ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर, तुमचं नेमकं मॉडेल शोधून घ्या, कुठल्यातरी 'फ्री ड्रायव्हर' साइटवरून नको. तिथेही नावनिशाण नसेल तर बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ बंद तर नाही ना, ते बघा.

आणि कधीकधी बिघाड नसतोच. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन साध्या मदरबोर्डवर बारीकच वाजू शकतो, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. मोबाइलच्या इअरफोनला तो लागत नाही. घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे सुटे स्पीकरही थेट पीसीला जोडून चालत नाहीत. त्यांनाही मध्ये अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

एक कळकळीची सूचना. शोधाशोध करताना व्हॉल्युम शंभरवर ठेवून इअरफोन कानात घालू नका. अडलेला आवाज सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. साउंड कार्ड नवीन मिळतं, कान मिळत नाहीत.

सोमवारी पहाटे दोन वाजता संवादांचा ट्रॅक मूळ पातळीवर आणला आणि पुन्हा सगळं मिक्स केलं. या वेळी तीन ठिकाणी ऐकलं. माझ्या इअरफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि बाबांच्या जुन्या हेडफोनवर. तिन्हीकडे सारखं वाटलं तेव्हाच फाइल पाठवली. सकाळी ज्या मैत्रिणीला सुनावलं होतं, तिला सॉरी म्हटलं. तिने कटिंगवर मिटवलं.

संध्याकाळी बाबा परत खुर्ची ओढून बसले. 'आता लावतेस का गाणं?' लावलं. अर्धं गाणं झाल्यावर म्हणाले, 'जरा कमी कर.'