परदेशीं विद्येस निघतांना

मुलगा उच्च शिक्षणार्थ अमेरिकेस निघाला, कीं घरची मंडळी लोणच्या-पापडांच्या डब्यांभोंवतीं जमते. आमची त्यास हरकत नाहीं. मेतकूट आम्हांसही प्रिय आहे. परंतु डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण स्मरावें. १८८३ सालीं त्या कलकत्त्याहून निघाल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियास एम. डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें निवर्तल्या. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं! विद्येंत त्या उण्या पडल्या नाहींत. मूळची नाजूक प्रकृति तेथील थंडीनें व आहाराच्या आबाळीनें ढासळली. म्हणून बांधाबांधीपूर्वीं मुलास चार महिने स्वयंपाकघरांत बसवावें. लोंकरी कपडे व आजारपणाचा विमा यांवर काटकसर नको. “त्याला कुठं जमतंय?” म्हणणाऱ्या आजीबाईंची समजूत मात्र घरच्यांनींच घालावी, आमचें तेथें चालत नाहीं.