शंकुच्छेदांची दोन नामावली : गुरसराय आणि मराठी गणितपरिभाषा

झाशी जिल्ह्याच्या गरौठा तहसिलीतील गुरसराय हे गाव मराठी अभ्यासकाला परिचित आहे ते बुंदेलखंडातील मराठी सत्तेच्या संदर्भात. खेर घराण्याच्या जहागिरीचे हे ठिकाण. तेथील ‘खेर इंटर कॉलेज’ या नावात त्या इतिहासाची खूण आजही टिकून आहे. राजकीय इतिहासाच्या पलीकडे, भाषा आणि ज्ञानव्यवहार यांच्या संबंधाचा विचार करण्यासाठीही हे गाव उपयोगी ठरते. येथील हिंदी माध्यमाचा विद्यार्थी अकरावी-बारावीचे गणित आधुनिक भारतीय भाषेतून शिकतो. पुण्यातील विज्ञानशाखेच्या वर्गात त्याच इयत्तांचे गणित मुख्यतः इंग्रजीतून शिकवले जाते. या फरकाचा परिभाषेवर काय परिणाम होतो, हे शंकुच्छेदांच्या नावांवरून स्पष्ट होते.

शंकूला प्रतलाने छेद दिला असता मिळणाऱ्या वक्रांची आज रूढ असलेली ग्रीक नावे पेर्गाच्या अपोलोनियसने दिली. त्यांमागील कल्पना क्षेत्रफळांच्या तुलनेची आहे. वक्रावरील बिंदूच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग एका ठरावीक आयताशी तोलून पाहावयाचा. तो बरोबर जुळला तर ‘पॅराबोला’, उणा पडला तर ‘इलिप्स’ आणि अधिक भरला तर ‘हायपरबोला’. पहिल्या आणि तिसऱ्या नावातील ‘बोला’ हा अंश ‘टाकणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे : एक ‘शेजारी टाकलेले’, दुसरे ‘पलीकडे टाकलेले’. दृष्टान्तकथेला ‘पॅरेबल’, अतिशयोक्तीला ‘हायपरबोली’ आणि अध्याहाराला ‘इलिप्सिस’ म्हणतात, ते याच शब्दकुळांतून. साहित्यशास्त्र आणि भूमिती यांनी येथे एकच शब्दसंपत्ती वाटून घेतली आहे.

ही नावे भारतीय भाषांत आणताना दोन वेगळे मार्ग स्वीकारले गेले. हिंदीत परवलय, दीर्घवृत्त आणि अतिपरवलय या संज्ञा रूढ आहेत. ‘परवलय’ शब्दाचा उच्चार ‘पॅराबोला’च्या जवळ जातो आणि ‘वलय’ या अंशातून वक्राचा आकार सुचतो. ‘दीर्घवृत्त’ हे सरळ आकारवर्णन आहे. मराठीत, विशेषतः मराठी विश्वकोशात, अन्वस्त, विवृत्त आणि अपास्त या संज्ञा आढळतात. संस्कृतातील ‘अस्’ या धातूचा एक अर्थ ‘फेकणे’ असा आहे. ‘न्यास’, ‘विन्यास’ हे परिचित शब्द त्यापासूनच आले. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘अस्त’. अनु + अस्त म्हणजे ‘बाजूने टाकलेले’, तर अप + अस्त म्हणजे ‘दूर टाकलेले’. मराठी संज्ञा ग्रीक नावांच्या व्युत्पत्तीचाच अनुवाद करतात. हिंदी संज्ञांचा ओढा ध्वनी आणि आकार यांच्याकडे आहे. एकाच संस्कृत भांडारातून शब्द घेऊनही अनुवादाची तत्त्वे भिन्न राहिली, ही बाब तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अर्थनिष्ठेच्या निकषावर मराठी संज्ञा सरस मानता येतील. व्यवहारात मात्र निकाल उलट लागला. उत्तर प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षा परिषदेच्या शाळांत ‘परवलय’ फळ्यावर लिहिला जातो, पाठ होतो, परीक्षेत विचारला जातो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याच्या कानी ‘अन्वस्त’ पडण्याची वेळ येते तेव्हा वर्गाची भाषाच बदललेली असते. तो थेट ‘पॅराबोला’ शिकतो. ‘इलिप्स’साठी ‘लंबवर्तुळ’ हा शब्द त्याच्याजवळ असतो, कारण तो शाळेबाहेरही वापरात आहे. ‘अपास्त’ला असा आधार नाही.

ही स्थिती मराठीच्या अंगभूत असामर्थ्यातून आलेली नाही. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी कलनाच्या विषयावर ‘शून्यलब्धिगणित’ मराठीत लिहिले होते. पुण्यात जन्मलेल्या बापूदेव शास्त्री (१८२१–१९००) यांनी बनारसच्या संस्कृत कॉलेजात अध्यापन करीत हिंदीत बीजगणित लिहिले. मराठी भाषक विद्वानांचा हातभार दोन्ही भाषांच्या गणितलेखनाला लागला. पुढे उच्च माध्यमिक वर्ग एकीला लाभला, दुसरीला फारसा लाभला नाही.

अर्थात गुरसरायचे चित्रही निर्दोष नाही. बारावीनंतर अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या तेथील विद्यार्थ्यालाही बहुधा इंग्रजीला सामोरे जावे लागते, आणि ‘परवलय’ मागे पडतो. मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा तुटलेपणा त्याला दोन वर्षे उशिरा भेटतो, इतकेच. परंतु ती दोन वर्षे निर्णायक आहेत. त्या काळात संज्ञा कोशातून बाहेर पडून बोलण्यात येते, चुकीची वापरली जाते, दुरुस्त होते आणि अखेर विचाराचे साधन बनते. पारिभाषिक शब्दाचे आयुष्य त्याच्या व्युत्पत्तीच्या शुद्धतेवर अवलंबून नसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी तो उच्चारला की नाही, यावर ते ठरते. ‘अन्वस्त’ हा शब्द विश्वकोशात सुरक्षित आहे. त्याला वर्ग मिळालेला नाही.