जबलपूरचा उन्हाळा आणि ॲक्रिलिक नखं

एप्रिल लागला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "ताई, या उन्हात ॲक्रिलिक नखं वितळतात का?" "ताई, अक्षय तृतीयेच्या लग्नासाठी लावली आणि पंधरा दिवसांत सुटली, ऊन लागलं का?" आपल्या जबलपूरात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जाऊन बसतो, नौतप्यात तर दुपारी स्कूटीचं हँडल धरवत नाही. तेव्हा शंका येणं साहजिक आहे. आजच्या भागात याचंच उत्तर देते, आणि नखं उन्हाळाभर नीट कशी राहतील तेही सांगते.

आधी उत्तर. उन्हानं ॲक्रिलिक वितळत नाही. उन्हाळ्यात नखं बिघडतात ती फटीमुळं. आपलं खरं नख आणि त्यावरचं ॲक्रिलिक यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, त्यात पाणी शिरतं आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. म्हणून आज मी जे जे सांगणार आहे ते दोनच गोष्टींसाठी: फट पडू नये, आणि पडली तर ती झाकली जाऊ नये.

ॲक्रिलिक म्हणजे नक्की काय?

पार्लरमध्ये तुम्ही पाहिलं असेल, एका वाटीत द्रव असतो, दुसऱ्या डबीत पावडर. ब्रश द्रवात बुडवून पावडरला लावला की छोटा गोळा तयार होतो. तो नखावर पसरला की काही मिनिटांत कडक होतो. दातांच्या डॉक्टरांकडे कवळी आणि तात्पुरते दात बनवायला जे साहित्य वापरतात, त्याच घराण्यातलं हे. किंबहुना याची सुरुवातच तिथून झाली. अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्यानं १९५४ मध्ये स्वतःचं तुटलेलं नख दवाखान्यातल्या ॲक्रिलिकनं सांधलं, आणि त्यातूनच हा धंदा उभा राहिला.

एकदा घट्ट झालेलं ॲक्रिलिक आपल्या उन्हाला दाद देत नाही. मऊ पडायला त्याला याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते. अशी उष्णता रस्त्यावर नसते, स्वयंपाकघरात असते. त्याकडे मी पुढे येतेच.

आता खरं नख बघा. ते मेलेल्या पेशींचं असलं तरी पाणी पितं. हात भिजले की नख थोडं फुगतं, वाळलं की आक्रसतं. त्यावरचं ॲक्रिलिक मात्र तेवढं फुगत नाही आणि आक्रसतही नाही. दिवसातून दहा-पंधरा वेळा ही ओढाताण झाली की जोड सैल होतो, आणि तोही बहुधा मुळाशी किंवा कडेला. उन्हाळ्यात आपण हात किती वेळा भिजवतो ते मोजा: कूलरमध्ये पाणी भरणं, दोनदा आंघोळ, माठ धुणं, आल्यागेल्याला सरबत, घाम आला की तोंडावर पाणी. बिघाड इथं आहे.

आपल्याकडे उन्हाळे दोन

जबलपूरचा उन्हाळा एक नाही, दोन आहेत. पहिला एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंतचा, कोरडा, लू वाहणारा. दुसरा पावसाच्या तोंडावरचा, ज्याला आपण इथं सरळ 'उमस' म्हणतो. दोन्हीत काळजी वेगळी घ्यावी लागते.

कोरड्या दिवसांत नखाभोवतीची कातडी फाटते, सालं निघतात. ती सालं आपण ओढतो आणि ॲक्रिलिकची कड उचलली जाते. यावर उपाय स्वस्त आहे. रात्री झोपताना प्रत्येक नखाच्या मुळाशी बदामाच्या तेलाचा एक थेंब चोळा. जोजोबा तेल मिळालं तर उत्तम, पण बदामाचं चालतं. तेल कातडीत जिरेपर्यंत चोळायचं, थापून ठेवायचं नाही. ज्या दिवशी रिफिलला जाणार असाल त्या दिवशी मात्र तेल, लोशन, सनस्क्रीन काहीही नखांना लावू नका. नखावर तेलाचा अंश राहिला तर नवीन ॲक्रिलिक धरणार नाही.

स्कूटी चालवताना आपण सगळ्याच स्टोल गुंडाळतो आणि लांब हातमोजे घालतो. चांगली सवय आहे. मोजे सुती असू द्या, आणि घरी आल्यावर हात पुसून कोरडे करा. हेल्मेटचा पट्टा, गाडीची डिकी, थंड पेयाच्या कॅनचं झाकण, यांत नखाचं टोक घालून उचकटू नका. लांब नख पहारीसारखं काम करतं: जोर टोकावर लावता आणि ताण मुळाशी बसतो. म्हणून माझा सल्ला असा की उन्हाळ्यात नखाची लांबी बोटाच्या टोकापुढे थोडीच ठेवा.

उमस सुरू झाली की तेलापेक्षा कोरडेपणाकडे लक्ष द्या. घाम आणि दमट हवा यांत नखाखालचा ओलावा लवकर सुकत नाही. ग्वारीघाटला नर्मदेत डुबकी मारली, भेडाघाटला धुआंधारचे तुषार अंगावर घेतले, पोहण्याच्या तलावात तासभर घालवला, तर घरी येऊन हात स्वच्छ पाण्यानं धुवा, मऊ ब्रशनं नखाखाली साबण फिरवा आणि टॉवेलनं टिपून पंख्याखाली पाच मिनिटं वाळू द्या. पिन, टाचणी, दातकोरणं नखाखाली घालू नका. त्यानंच पहिली फट पडते.

नखं लावायला कधी जाल?

ॲक्रिलिक गरम खोलीत भरभर घट्ट होतं. नखावर नीट बसायच्या आत कडक झालं तर जोड कच्चा राहतो. शिवाय कूलरची हवा ओली असते, आणि तिचा झोत थेट हातावर असेल तर नखावर ओलावा राहतो. तेव्हा शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या, एसी असलेली खोली बघा, आणि बसण्याआधी हात धुतले असतील तर थोडा वेळ जाऊ द्या. हातांना खूप घाम येत असेल तर ते नेल आर्टिस्टला आधीच सांगा.

आणखी एक विचारायचं ते द्रवाबद्दल. चांगल्या ठिकाणी ईएमए, म्हणजे इथिल मेथाक्रिलेट वापरतात. एमएमए, म्हणजे मिथिल मेथाक्रिलेट, स्वस्त पडतं, पण ते इतकं कडक होतं की ठेच लागली तर ॲक्रिलिक तुटत नाही, खालचं खरं नख फाटतं. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे यामुळं झालेल्या इजांच्या तक्रारी गेल्या आणि शुद्ध एमएमए असलेल्या नखांच्या उत्पादनांवर त्यांनी कारवाई केली. ओळखायचं कसं? वास फार उग्र येतो, काढताना ॲसिटोनमध्ये ते सुटता सुटत नाही, आणि भाव आजूबाजूच्या मानानं फारच कमी असतो. बाटलीवरचं नाव दाखवा म्हणायला लाजू नका.

नखं लावल्यावर बोटांना खाज, नखाभोवती लाल पुरळ किंवा पापण्यांना सूज आली, तर तो घाम किंवा घामोळं समजून सोडून देऊ नका. ती मेथाक्रिलेटची ॲलर्जी असू शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढे दाताच्या किंवा हाडाच्या उपचारात हेच साहित्य वापरायची वेळ आली तर अडचण होते. नखं काढा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

स्वयंपाकघर आणि वाळवण

आपल्या मराठी घरांत मे महिना म्हणजे वाळवणाचा. कुरडयांचा चीक घोटणं, पापडाचं पीठ मळणं, साबुदाण्याच्या पापड्या घालणं. उन्हाला न जुमानणारं ॲक्रिलिक इथं हार मानतं. उकळत्या चिकाची वाफ, तव्याची धग, कुकरची शिट्टी, यांनी ते मऊ पडू शकतं आणि कड सुटते. गॅसच्या ज्योतीजवळ तर नखं नेऊच नका, ॲक्रिलिक पेट घेतं. लांब उलथनं वापरा, चिमटा वापरा.

पीठ मळताना हातमोजे घाला. प्रश्न नखांच्या शोभेचा कमी आणि स्वच्छतेचा जास्त आहे. लांब नखाखाली पीठ अडकतं, उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या सूचनांत रुग्णांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत असं सांगितलं आहे. आपल्या मेडिकल कॉलेजात किंवा खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणींना मी म्हणूनच स्पष्ट सांगते: तुमच्यासाठी ॲक्रिलिक नको. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस सांभाळत असाल तरी हाच विचार करा.

रंगाचं म्हणाल, तर हळद, आंब्याचा रस आणि मेंदी पांढरट नखांवर पिवळी-तांबूस छटा सोडतात. काही सनस्क्रीनमुळंही नखं पिवळी दिसतात, म्हणून सनस्क्रीन लावल्यावर नखं ओल्या कापडानं पुसून घ्या. आठवड्यातून एकदा टॉप कोटचा पातळ हात द्या, डाग त्या थरावर राहतो. लग्नात हळद आणि मेंदी दोन्ही असतील तर मेंदी आधी उरकून घ्या, नखं नंतर लावा.

फट दिसली तर

केस विंचरताना केस नखाच्या मुळाशी अडकू लागला, की समजा कड उचलली आहे. पारदर्शक नखाखाली पांढरट डाग किंवा बुडबुडा दिसला तरी तेच. ओढू नका. घरातला झटपट चिकटणारा गोंद घालू नका, त्यानं ओलावा आत कोंडला जातो. एक-दोन दिवसांत जाऊन सैल भाग घासून काढून घ्या आणि मग भरून घ्या. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, उन्हाळ्यात किंचित जास्त. म्हणून रिफिल दोन-तीन आठवड्यांत व्हायलाच हवं. महिनाभर ओढलं तर जोर मुळापासून पुढे सरकतो आणि नख मधेच मोडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नखाखाली हिरवट डाग दिसला तर त्यावर गडद रंग लावून लग्न उरकू नका. पुष्कळ जणी हेच करतात. तो डाग बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. फटीत अडकलेला ओलावा त्याला फार मानवतो, आणि उमसेत तो जोरात वाढतो. त्या बोटाचं ॲक्रिलिक पूर्ण काढायचं, नख कोरडं ठेवायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि ते बरं म्हणेपर्यंत नवीन थर चढवायचा नाही. दुखत असेल, पू दिसत असेल किंवा मधुमेह असेल तर त्याच दिवशी जा. हिरवी छटा नख वाढेल तशी पुढे सरकून जाते. हाताचं पूर्ण नख नव्यानं यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे झाकलेल्या एका डागाची किंमत पुढच्या दिवाळीपर्यंत मोजावी लागू शकते.

काढताना

नखं उचकटून काढली की खऱ्या नखाचे थर त्याबरोबर निघतात. मग नख कागदासारखं पातळ होतं आणि गरम चहाचा कपही धरवत नाही. वरचा थर फाइलनं घासा, कापसाचा बोळा शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवा, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. मऊ झालेला भाग लाकडी काडीनं हलकेच सारा. नाही निघाला तर पुन्हा भिजवा, खरवडू नका.

ॲसिटोन उन्हाळ्यात भराभर उडतं आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा यांच्यापासून लांब बसा. लवकर व्हावं म्हणून ॲसिटोन कधीही तापवू नका. बाटली उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.

सलग तीन-चार महिने नखं लावली असतील तर उमसेचे दिवस सुट्टीसाठी चांगले आहेत. पाऊस स्थिरावेपर्यंत नखं आखूड, उघडी आणि तेल लावलेली राहू द्या. राखीला पुन्हा लावाल तेव्हा खालचं नख धडधाकट असेल आणि ॲक्रिलिकही घट्ट धरेल.

तर मैत्रिणींनो, आज रात्री झोपण्याआधी एवढं करा: दिव्याखाली दहाही बोटं धरा आणि प्रत्येक नखाच्या मुळाशी नीट बघा. कड उचललेली नसेल तर तेलाचा थेंब लावा आणि निवांत झोपा. उचललेली असेल तर उद्या सकाळचीच वेळ घ्या. पुढच्या भागात आपण जेल आणि ॲक्रिलिक यांतलं कुठलं कोणाला जमेल ते बघू. तोवर पाणी पीत राहा, हात कोरडे ठेवा. नमस्कार!